चॅप्लिनच्या विनोदात लॅम्बेथची गरिबी नेमकी कुठे दिसते?

दुसरी घंटा

चार्ली चॅप्लिनच्या लहानपणावर चाळीस मिनिटांची एकांकिका बसवतोय. पाच नट, एक लोखंडी खाट, एक टेबल, दोन खुर्च्या. काळ १८९४ ते १९०३, म्हणजे चार्ली पाच वर्षांचा असल्यापासून चौदाचा होईपर्यंत. जागा दक्षिण लंडन: केनिंग्टन, लॅम्बेथ, वॉलवर्थ.

पहिला खर्डा हातात आहे आणि तो नुसता रडका झालाय. बाप दारू पितो, आईला वेड लागतं, पोरं अनाथाश्रमात जातात आणि शेवटच्या दोन मिनिटांत टोपी, काठी, मिशी. प्रेक्षक डोळे पुसतील, पण हा मुलगा विनोदी नटच का झाला याचं उत्तर त्यात कुठेच नाही. त्या वस्तीत तशी उपाशी पोरं गल्लोगल्ली होती. मग चॅप्लिनला त्या गरिबीतून असं काय मिळालं, जे पुढे पडद्यावर उतरलं? प्रसंग, वस्तू, पैशांचे आकडे, हालचाली, असं रंगमंचावर दाखवता येईल ते हवंय. आत्मचरित्र (१९६४) समोर आहे, पण पंचाहत्तरीतल्या माणसाने सांगितलेलं लहानपण कितपत धरून चालायचं, तेही सांगा.

पिटातला

आधी 'अनाथाश्रम' हा शब्द संहितेतून काढा. मुलं अनाथ नव्हती. ते वर्कहाउस होतं, कंगाल माणसांना ठेवण्याची तिथली कायदेशीर सोय. आत गेलं की आई एकीकडे, मुलं दुसरीकडे. अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, वाफेत घालून निर्जंतुक करायचे, गाठोडं बांधून ठेवायचे आणि संस्थेचे कपडे चढवायचे. तुमचं नाटक या नियमांमध्येच दडलंय, बापाच्या बाटलीत नाही.

तारखांबद्दल निर्धास्त राहा, कारण वर्कहाउसच्या नोंदवह्या शिल्लक आहेत. मे १८९६ मध्ये आई हॅना, चार्ली आणि चार वर्षांनी मोठा सावत्र भाऊ सिडनी वर्कहाउसमध्ये दाखल झाले. जूनमध्ये मुलांना लंडनबाहेर हॅनवेलच्या निवासी शाळेत हलवलं. सिडनी त्याच वर्षी नोव्हेंबरात 'एक्समथ' या प्रशिक्षण जहाजावर गेला आणि चार्ली जानेवारी १८९८ पर्यंत शाळेतच राहिला. त्यातला बराच काळ एकटा, वय सात-आठ. गजकर्ण झालं म्हणून त्याचं डोकं भादरलं, त्यावर आयोडिन फासलं आणि वर रुमाल बांधला. आत्मचरित्रात घटनांचा क्रम मागेपुढे झालाय, पण घटना बहुतेक खऱ्या ठरल्यात. जन्माची मात्र अधिकृत नोंद कुठेही मिळालेली नाही. १६ एप्रिल १८८९ ही तारीख सगळे धरतात, तुम्हीही धरा.

आता जो प्रसंग मी नाटकाच्या मध्यभागी ठेवीन तो. जुलै १८९८ मध्ये तिघं पुन्हा वर्कहाउसच्या हवाली झाले होते. ऑगस्टमध्ये हॅनाने अर्ज केला की आम्हाला सोडा, आम्ही निघालो. नियमाप्रमाणे मुलं तिच्या ताब्यात दिली, गाठोडी परत केली. कपडे वाफेतून काढून तसेच गुंडाळून ठेवलेले, त्यांना इस्त्री कुठली? तिघंही चुरगळलेल्या कपड्यांत फाटकाबाहेर आली. जायला घर नाही. सिडनीच्या रुमालाच्या गाठीत नऊ पेन्स होते. त्यातून अर्धा पौंड काळ्या चेरी घेतल्या आणि सकाळ केनिंग्टन पार्कमध्ये बाकावर घालवली. सिडनीने वर्तमानपत्राचा बोळा करून त्याला दोरा गुंडाळला, तो चेंडू. तिघं झेलाझेली खेळली. दुपारी कॉफीच्या दुकानात दोन पेन्सचा टी-केक, एका पेनीची खारवून धुरी दिलेली मासळी आणि अर्ध्या-अर्ध्या पेनीचे दोन कप चहा, तिघांत मिळून. पुन्हा बागेत. संध्याकाळच्या चहाच्या वेळेला आईने मुलांना घेऊन परत वर्कहाउस गाठलं आणि सांगितलं, आम्हाला दाखल करून घ्या. कर्मचारी संतापले, कारण कपडे वाफवण्यापासून सगळे सोपस्कार पुन्हा करायचे होते.

यात एकही माणूस रडत नाही, हे लक्षात घ्या. एका बाईने नियमांतली फट शोधून मुलांबरोबर एक दिवस मिळवला. 'द किड' (१९२१) मधला ट्रॅम्प, म्हणजे चॅप्लिनचा पडद्यावरचा तो फाटका भटक्या, अनाथालयाच्या माणसांशी जसा वागतो, त्याची जात हीच आहे. हा प्रसंग करुण संगीतावर बसवलात तर मरेल. चेंडू खेळताना त्यांना खरोखर मजा येऊ द्या. आणि शेवटी ती तिघं फाटकाशी परत येतात ते अगदी सहज, सहलीहून आल्यासारखी.

खिडकीजवळ

वरचं सगळं पटलं, पण आई नुसती सोसणारी दाखवली तर अर्धं उत्तर हातचं जाईल. हॅना व्यावसायिक नटी-गायिका होती, लिली हार्ली हे तिचं रंगभूमीवरचं नाव. आणि चार्लीला नक्कल तिनेच शिकवली. १९१८ च्या एका लेखात चॅप्लिनने हे स्पष्ट लिहिलंय. ती तासन्‌तास खिडकीत बसायची, खाली रस्त्यावर काय चाललंय ते हात, डोळे आणि चेहरा यांनी करून दाखवायची आणि सोबत बोलत राहायची. पण हे नुसतं नकला काढणं नव्हतं. एखादा ओळखीचा माणूस येताना दिसला की त्याचे बूट पुसलेले नाहीत, चालीत राग आहे, म्हणजे बायकोशी भांडून न्याहारी न करता निघालाय, असा अंदाज. आणि तो खरंच पाव घ्यायला बेकरीत शिरायचा. म्हणजे शरीरावरच्या खुणेवरून मागची गोष्ट ओळखायची. मूकपटाचं अख्खं व्याकरण यात आलं.

तालमीत हा व्यायाम करून घ्या. आई आणि मुलगा प्रेक्षकांकडे तोंड करून बसतात, खिडकीची चौकट नको. पाच माणसं 'खालून' जातात असं धरायचं. प्रत्येकासाठी आधी खूण ठरवा (एक बूट सैल, खिशात हात घट्ट, मान मागे वळतेय), मग कारण ठरवा आणि नक्कल सगळ्यात शेवटी. नट उलट्या क्रमाने करतात, आधी चालीची गंमत काढतात, आणि मग ती कुणाचीच चाल राहत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. इतक्या हलाखीतही हॅना मुलांच्या बोलण्यावर लक्ष ठेवायची, व्याकरण चुकलं की दुरुस्त करायची. आपण या वस्तीतले नव्हे, हे भान तिने सोडलं नाही. ट्रॅम्पचं सगळं वागणं इथून निघतं. फाटका आहे, पण आधी टोपी उचलून नमस्कार करतो. त्याच लेखात चॅप्लिन सांगतो की माणूस फजित झाल्यावर आपलं काही बिघडलंच नाही असं दाखवू लागतो, तेव्हा जास्त हसू येतं. म्हणून तो डोक्यावर आपटला तरी उठून आधी काठी सावरतो, टोपी नीट करतो, टाय ओढतो.

संहितेत एक रविवार घाला. त्या वस्तीत रविवारी घरी मांस भाजून जेवणं ही इभ्रतीची खूण होती. ज्याच्या घरी ते शिजत नाही तो भिकाऱ्यांत जमा. हॅना चार्लीला जवळच्या कॉफीच्या दुकानातून सहा पेन्सचं जेवण आणायला पाठवायची, मांस आणि दोन भाज्या. शेजाऱ्यांच्या देखत ते घेऊन येण्याची त्याला लाज वाटायची. भुकेपेक्षा लाज मोठी. तो रस्ता कसा पार करतो, ताट कसं लपवतो आणि कुणी समोर आलं की चेहरा कसा करतो, हे दोन मिनिटं शब्दांशिवाय करता येईल, आणि बघणाऱ्याला हसूही येईल.

हिशेबनीस

पैशांचे आकडे मागितलेत, तर ते एकमेकांशेजारी ठेवून बघा. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पाउंड.

हॅना घरी ब्लाउज शिवायची. डझनाला दीड शिलिंग, म्हणजे नगाला दीड पेनी. तिचा आठवड्याचा उच्चांक चोपन्न ब्लाउज: सहा शिलिंग नऊ पेन्स. वरच्या प्रतिसादातलं रविवारचं एक जेवण म्हणजे चार ब्लाउज.

सिडनी तारघरात तार पोचवायला लागला तेव्हा त्याला गणवेश मिळाला. मग आईने हौसेने घेतलेला त्याचा सूट आठवडाभर रिकामा. सोमवारी सकाळी तो सात शिलिंगांना गहाण जायचा आणि शनिवार-रविवारसाठी सोडवून आणायचा. चोपन्न ब्लाउजांपेक्षा जास्त पैसे एका सुटात! वर्षभर असं चाललं. मग एका सोमवारी कापड विरल्याचं सावकाराच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, आता तीनच शिलिंग. रंगमंचावर हा सूट फिरता ठेवा: खाटेवर, हँगरवर, गहाणवटीच्या टेबलावर, परत खाटेवर. दर फेरीला प्रकाशासमोर धरला की जरा जास्त उजेड आरपार दिसावा. चार सारखे सूट लागतील. कोपरं आणि गुडघ्यांवर सँडपेपर घासला की विरलेपणा पाचव्या रांगेपर्यंत दिसतो, नुसता रंग मारला तर मळका दिसतो, विरलेला नाही.

पुढे ट्रॅम्पचा वेश आहे तो काय? ढगळ पँट, आखूड कोट, मोठे बूट, लहान टोपी. सगळं दुसऱ्याचं, आणि सगळं सभ्य माणसाचं. १९१४ मध्ये कीस्टोन स्टुडिओत त्याने तो कपडेपटातून जमवला, हे खरंच. पण सूट ही चीज माणसाला काय करते हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

विंगेतला

इथवर सगळ्यांनी गरिबीबद्दल लिहिलं. माझं म्हणणं वेगळं आहे: गरिबीने त्याला बघायला शिकवलं, करायला शिकवलं ते म्युझिक हॉलने, म्हणजे गाणी, नाच आणि विनोदी प्रवेश चालायचे त्या थिएटरांनी. त्याशिवाय तुमच्या एकांकिकेचा दुवा जुळायचा नाही. कीस्टोनचा करार सप्टेंबर १९१३ चा, आठवड्याला १५० डॉलर. त्याआधी हा मुलगा पंधरा वर्षं रंगमंचाच्या आसपास होता.

१८९८ च्या अखेरीला, नवव्या वर्षी, तो 'एट लँकशर लॅड्स' या मुलांच्या नृत्यसंचात गेला. लाकडी तळव्याच्या बुटांचा नाच. जेवण-राहणं संचाचं, आईला आठवड्याला अडीच शिलिंग. वरच्या हिशेबाने वीस ब्लाउज. सहा आठवडे तालीम झाल्यावर त्याला नाचू दिलं. संचालक विल्यम जॅक्सन यांचा कटाक्ष असा की मुलांना रंग लावायचा नाही, गाल नैसर्गिक लाल दिसले पाहिजेत. कुणी फिकट दिसलं तर प्रवेशाआधी गाल चिमटायचे. लंडनमध्ये एका रात्रीत दोन-तीन थिएटरं करताना मुलं पेंगायची, चेहरे पडायचे. मग विंगेत जॅक्सन स्वतः दात काढून हसायचे आणि बोटाने आपला चेहरा दाखवायचे. पोरांच्या तोंडावर लगेच हसू चकाकायचं. दमलेल्या पोराचं हुकमी हसू: याच्याइतका रंगमंचीय क्षण तुम्हाला दुसरा मिळणार नाही. नाच जुजबी आला तरी चालेल, पण ठेका पायांतून ऐकू आला पाहिजे. रबरी तळव्याच्या बुटांवर हा नाच बसवू नका. साध्या चपलेला तळाशी पातळ फळी ठोका आणि रंगमंचावर प्लायवूड टाका.

दारूबद्दल. बाप, चार्ल्स चॅप्लिन थोरला, लोकप्रिय गायक होता आणि ९ मे १९०१ रोजी अडतिसाव्या वर्षी दारूने गेला. त्याला खलनायक करू नका. म्युझिक हॉलला बार जोडलेला असायचा, आणि गाणं झाल्यावर कलाकाराने बारमध्ये जाऊन गिऱ्हाइकांबरोबर प्यावं अशी अपेक्षा असायची. पिणं नोकरीतच बसलेलं. चार्लीचं पुढे नाव झालं ते फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीच्या 'ममिंग बर्ड्स' या प्रहसनातल्या झिंगलेल्या श्रीमंताच्या भूमिकेने, आणि अमेरिकेतल्या दौऱ्यांत तीच त्याची ओळख होती. त्याचा दारुडा झोकांड्या खात नाही, सरळ चालण्याची शिकस्त करतो. ज्याने घरात दारुडा बघितलाय त्याला हे कळतं. तुमच्या बापाच्या भूमिकेलाही हीच सूचना द्या: त्याने पूर्णवेळ शुद्धीत असल्याचं दाखवायचं.

शेवट १९०३ च्या जुलैवर करा. मे महिन्यात आईला पुन्हा मनोरुग्णालयात पोचवलेलं. चौदा वर्षांच्या मुलाला 'जिम' नाटकात सॅमीची आणि पाठोपाठ 'शेरलॉक होम्स' मध्ये बिली या पोऱ्याची भूमिका मिळते. त्याला वाचताही धड येत नाही, म्हणून सॅमीची भूमिका सिडनी वाचून दाखवतो आणि तीन दिवसांत तो ती पाठ करतो. पगार आठवड्याला अडीच पाउंड. हिशेबनीस यांच्या दराने चारशे ब्लाउज. टोपी-काठीची गरजच नाही.

दुसरी घंटा

चारशे ब्लाउज घेतले! दोन शंका. आल्डरशॉटचा प्रसंग खर्ड्यात सुरुवातीलाच आहे, तो ठेवावा का? आणि मेंढीची गोष्ट कुठे बसवू?

पिटातला

आल्डरशॉट ठेवाच, फक्त मुलाला 'हुशार' करू नका. १८९४, छावणीचं गाव, प्रेक्षक बहुतेक सैनिक. हॅनाचा आवाज फाटतो, आरडाओरडा सुरू होतो, ती विंगेत येते. व्यवस्थापक पाच वर्षांच्या चार्लीला हाताला धरून पुढे आणतो. तो 'जॅक जोन्स' म्हणतो, पैसा आल्यावर जुन्या दोस्तांना ओळख न देणाऱ्या माणसाचं गाणं. मध्येच नाणी पडू लागतात. तो थांबतो आणि सांगतो, आधी पैसे वेचतो, मग गातो. हशा. व्यवस्थापक रुमाल घेऊन मदतीला येतो. मुलाला वाटतं हा पैसे लाटणार, म्हणून तो त्याच्या मागे जातो आणि पैसे आईच्या हाती पडल्यावरच परत येतो. पुन्हा हशा. मग निरागसपणे आईच्या आवाजाची नक्कल करतो, तो फाटतो त्या जागेसकट, आणि टाळ्या पडतात. मुलासाठी सगळं गंभीर चाललंय: पैसे, चोर, आई. हसतात ते समोरचे. मुलाचं काम करणाऱ्याने एकदा जरी प्रेक्षकांकडे बघून हसू दिलं तर प्रसंग संपला. आणि आईची नक्कल चालू असताना प्रकाश विंगेतल्या आईवर हवा.

खिडकीजवळ

मेंढी नाटकाच्या दुसऱ्या अर्ध्यात. मेथली स्ट्रीटला लोणच्याच्या कारखान्याजवळ राहत होते, गल्लीच्या टोकाला कत्तलखाना. एक मेंढी निसटली. तिच्यामागे माणसं धावतायत, आपटतायत, ती सैरभैर उड्या मारतेय, बघे हसतायत, चार्लीही हसतोय. ती पकडली गेल्यावर त्याला उमजलं आणि तो रडत आईकडे पळाला: ते तिला मारणार! पुढे त्यानेच लिहिलंय की आपल्या चित्रपटांतला हास्य-करुणेचा मेळ इथेच पक्का झाला असावा. मेंढी रंगमंचावर आणू नका, मुखवटाही नको. चारही नटांच्या माना एकदम फिरल्या की मेंढी दिसते. हसू थांबण्याची जागा मात्र मोजून ठरवा. मुलाचं हसू थांबल्यावर बाकीच्यांचं आणखी चार-पाच सेकंद चालू राहायला हवं.

कपडेपट

थोडी भर. सिडनीला नाटकात नीट जागा द्या, तो कायम मागे पडतो. सूट त्याचा, नऊ पेन्स त्याचे, सॅमीची भूमिका पाठ करून घेणारा तो, आणि १९०८ मध्ये चार्लीला कार्नोकडे नेणाराही तोच. 'अ डॉग्ज लाइफ' (१९१८) मध्ये ट्रॅम्प खाऊच्या गाड्यावर मालकाची पाठ वळली की एकेक केक तोंडात टाकतो आणि मालक वळला की निर्विकार. तो मालक म्हणजे सिडनी चॅप्लिन.

खोलीच्या मापाबद्दल कुणी बोललं नाही. पाउनल टेरेस, क्रमांक ३, माळ्यावरची खोली बारा फूट चौरसापेक्षा किंचित मोठी, छत उतरतं. आईने पांढरा रंग दिलेली लोखंडी खाट, तिच्या पायाशी उलगडून एकट्याचा बिछाना होणारी खुर्ची, तिच्यावर सिडनी झोपायचा. रंगमंचावर बारा फुटांची चौकट पांढऱ्या पट्टीने आखा आणि घरातले प्रसंग तिच्याबाहेर जाऊच देऊ नका. 'द किड' मधली माळ्याची खोली बघा, घोंगडीला भोक पाडून केलेला झगा, टांगलेल्या किटलीतून दूध पिणारं बाळ: तिथे प्रत्येक वस्तू दोन कामं करते. तुमच्या खुर्चीनेही केली पाहिजेत.

आता चाल. चॅप्लिनने एका मुलाखतीत सांगितलंय की ती त्याने रमी बिंक्स नावाच्या म्हाताऱ्याची उचलली. लॅम्बेथमध्ये काकाच्या गुत्त्याबाहेर गिऱ्हाइकांचे घोडे धरायचे आणि पेनी मिळवायची, हे त्याचं काम. पाय अधू, बूट मोठे, तशात घोडा धरायला लगबगीने फरपटत जायचा. नट ही चाल बदकासारखी करतात, कंबर हलवतात, म्हणून ती खोटी दिसते. टाचा जवळ, चवडे बाहेर, वजन टाचांवर, गुडघे किंचित सैल, पावलं लहान, आणि कमरेच्या वर काहीही हलवायचं नाही. दोन नंबर मोठ्या बुटात टाचेमागे कापडाचा बोळा ठेवला की बूट निसटत नाही पण पाय उचलणं जड जातं. घाई मनात, पायात दुखणं.

मुलगा घरी येऊन ही चाल आईला करून दाखवतो. आई रागावते, गरिबाच्या व्यंगाची चेष्टा करायची नाही म्हणते, आणि हे म्हणताना हसू आवरायला तिने ॲप्रनचा बोळा तोंडात कोंबलेला असतो. दोन्ही एकाच वेळी यायला हवं. आईचं काम करणारीला या जागेसाठी तालमीत वेगळे दोन दिवस द्या.